गढीची माती

बीड जिल्ह्यातले एखादे जुने गाव दुरून पाहिले, तर बहुधा दोन गोष्टी आधी नजरेत भरतात. एक देवळाचे शिखर आणि दुसरा गावाच्या मधल्या उंचवट्यावरचा, पावसाने पन्हळी पडलेला मातीचा बुरूज. हा काय आहे असे विचारले, की उत्तर ठरलेले असते: देशमुखांची गढी, नाहीतर पाटलांची गढी. कधीची, या प्रश्नावर 'फार जुनी' एवढेच कळते. मग भुयाराची गोष्ट निघते, पुरलेल्या हंड्यांची निघते, दारात झुलणाऱ्या हत्तीची निघते. घराण्यातले कोणी भेटलेच, तर वंशावळ ऐकायला मिळते. मूळ पुरुष कोण, सनद कोणाची, मान कोणता, वाटण्या कशा झाल्या. या वंशावळीलाच आपण गढीचा इतिहास म्हणत आलो आहोत.

वंशावळ खोटी असते असे माझे म्हणणे नाही. परंतु घराचा इतिहास आणि घरात राहणाऱ्यांचा इतिहास यांत फरक आहे. गढी कोणाच्या हातांनी उभी राहिली, तिच्यात साठलेले धान्य कुठून आले आणि अखेरीस ती मोडली कशी, या तीन प्रश्नांची उत्तरे वंशावळीत सापडत नाहीत. गढ्या आता झपाट्याने नाहीशा होत असल्यामुळे हे प्रश्न विचारण्याची वेळही फार उरलेली नाही.

प्रथम गढी म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. किल्ला राजसत्तेचा असतो. याच जिल्ह्यातला धारूरचा किल्ला आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने १५६७च्या सुमारास बांधला. पुढे तो निजामशाहीकडे गेला आणि १६३१ साली मोगलांनी घेतला. त्याची मालकी लढाईबरोबर बदलत राहिली. वाडा हे राहण्याचे घर. गढी या दोहोंच्या मधली. तिला तट असतो, बुरूज असतात, दिंडी ठेवलेला भक्कम दरवाजा असतो. आत मात्र देवडी, चौक, सोपे, देवघर, माजघर असा नांदता संसार असतो. किल्लेदार नेमला जातो आणि बदलला जातो. गढीतला माणूस वतनदार असतो, आणि वतन बापाकडून मुलाकडे जाते.

परगण्याचा देशमुख हा जमिनीचा धनी होता, अशी आज समजूत आहे. मुळात तो एका कामाचा धनी होता. परगण्यातून सारा गोळा होईल हे पाहणे, लागवड वाढवणे, गावागावांच्या पाटलांवर देखरेख ठेवणे, वेळप्रसंगी शिबंदी उभी करणे, ही त्याची कामे. देशपांडे हिशेब राखी. मोबदल्यात वसुलातला ठरावीक हिस्सा, इनाम जमिनी, मानपान आणि गावोगावचे किरकोळ हक्क मिळत. बीडच्या मुलखाने बहमनी पाहिली, निजामशाही पाहिली, मोगल पाहिले. १७२४ नंतर हैदराबादचे निजाम आले. निजामाच्या या मुलखाला लोक मोगलाईच म्हणत राहिले, आणि तिच्यातही मराठ्यांची चौथाई चालूच होती. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदाकाठी राक्षसभुवनला मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. ११ मार्च १७९५ रोजी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, पण जवळच, खर्ड्याची लढाई झाली. एवढ्या उलथापालथीत देशमुख मात्र टिकला. नव्या सत्तेलाही शिवारे, कुळे आणि थकबाक्या माहीत असलेला माणूस हवाच असे. गढीच्या चिरेबंदी जोत्याचे खरे बळ हेच.

वेरूळला मालोजीराजे भोसल्यांची गढी, सिंदखेड राजाला जिथे १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा वाडा, चौंडीला जिथे १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला ती शिंदे पाटलांची गढी, ही मराठवाड्यातली आणि शेजारची ठळक उदाहरणे. ती लोकांना ठाऊक आहेत, कारण त्यांतून इतिहासाला वळण देणारी माणसे बाहेर पडली. बालाघाटाच्या पठारावर, सिंदफणेच्या आणि मांजरेच्या खोऱ्यांत ज्या गढ्यांतून असे कोणी बाहेर पडले नाही, त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही. आणि संख्येने त्याच अधिक होत्या.

एक गोष्ट आधीच मान्य केली पाहिजे. अठराव्या शतकातल्या माणसाला गढी हा आधारही वाटत असे. दोन फौजांच्या वाटेवर वसलेल्या गावाला पेंढाऱ्यांची हूल उठली की माणसे, गुरे आणि दाणागोटा घेऊन आत शिरायला जागा लागे. आत आड असे, पेवे असत. दरवाजा लावून चार दिवस काढता येत. गढीविषयी जुन्या माणसांच्या बोलण्यात जो आदर आढळतो, तो सगळाच भीतीपोटी आलेला नाही.

आता बांधणीकडे येऊ. गावाचे दोन भाग मानण्याची आपली जुनी रीत आहे: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्तीची माती पांढरट का होते? शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, चुना, पडलेल्या भिंती, गोठ्यातला गाळ, सारे तिच्यात मुरलेले असते. जुन्या तेर नगरीची टेकाडे अशाच पांढरीची आहेत, आणि त्यांतून सातवाहनकालीन वस्तू निघाल्या आहेत. ही माती चिकट असते आणि पाणी सहज झिरपू देत नाही. गढीचे जोते काळ्या दगडाचे, पण वरच्या भिंती आणि बुरूज पुष्कळदा या पांढरीचेच. ढासळलेल्या भिंतीकडे जवळून पाहिले, तर तिच्यात खापराचे तुकडे, कोळसा, एखादे हाड, बांगडीची काच दिसते. म्हणजे देशमुखाच्या आधी कित्येक शतके त्या गावात जी माणसे राहून गेली, त्यांच्या संसाराचा चुरा मळून त्याची भिंत उभी राहिली होती.

ती उभी करणारे हातही ओळखता येतात. दगड फोडणारे आणि माती वाहणारे वडार, चुना-दगडाचे काम करणारे बेलदार, तुळया आणि दरवाजे घडवणारे सुतार, खिळे-कड्या करणारे लोहार. चिखल तुडवणारी, पाणी आणि पाट्या वाहणारी माणसे गावचीच. यांपैकी काहींना मजुरी मिळत असेल. पण वेठबेगारीचा उल्लेख जुन्या कागदांत इतक्या वेळा येतो, की गढीचा कोट केवळ रोख मजुरीवर उभा राहिला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

गढीतली सर्वांत महत्त्वाची जागा दिवाणखाना नव्हती. ती होती पेव आणि बळद. पेव जमिनीखालचे, बळद भिंतीतले किंवा खोलीच्या पोटातले. कागदावर ही कोठारे. पण ज्या मुलखात पाऊस तीन वर्षांतून एकदा दगा देतो, तिथे धान्य साठवता येणे हीच सत्ता. आषाढात घरातले संपले की कुणबी गढीवर जाई आणि सवाईने किंवा दिढीने ज्वारी उचली. पायलीला सव्वा पायली किंवा दीड पायली सुगीत परत करायची. सुगी बुडाली की व्याजावर व्याज, आणि शेवटी जमिनीचा तुकडा.

दुष्काळात या व्यवहाराला केवढी धार येत असेल, याची कल्पना जनगणनेच्या आकड्यांवरून येते. १८९१ साली बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४२ हजार होती. १९०१ साली ती ४ लाख ९२ हजारांवर आली. मध्ये १८९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ होऊन गेले. दहा वर्षांत दीड लाख माणसे कमी झाली. काही मेली, काही देशोधडीला लागली. त्यांच्या मागे राहिलेल्या जमिनींचे काय झाले, हे गढ्यांच्या इतिहासाचे सर्वांत कमी वाचले गेलेले पान आहे.

राबता हा दुसरा आधार. त्रिंबक नारायण आत्रे नगर जिल्ह्यात महसुलाच्या नोकरीत होते. त्यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात बलुत्याची, वेठीची आणि हक्कांची ही सारी वीण बारकाईने नोंदलेली आहे. महाराने वेशीवर राखण करायची, सरकारी टपाल आणि निरोप पोचवायचे, लाकूड फोडायचे, मेलेले ढोर ओढायचे. मांगाने दोर वळायचे. न्हाव्याने मशाल धरायची. प्रत्येकाला बलुते होते, म्हणजे खळ्यावर मापून मिळणारा वाटा. पण काम केव्हा संपले म्हणायचे हे ठरवण्याचा हक्क नव्हता. याशिवाय सालगडी. गुढीपाडव्याला सालाने राहायचे, आगाऊ धान्य किंवा पैसे उचलायचे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत राबायचे. उचल फिटली नाही, तर आणखी एक साल.

या माणसांचा कागदोपत्री मागमूस उरला नाही, असे सर्रास म्हटले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. वतनाच्या तंट्यांचे जुने महजर पाहावेत. गोत बसले की साक्षीला पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदारही असत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी काढवीत. पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा. वतन अमक्याचे आहे हे आरीवाल्याने आणि आरशावाल्याने सांगितल्यावाचून सिद्ध होत नसे. घराण्याचा इतिहास लिहिताना हे महजर आपण पुष्कळदा चाळतो, निकाल उतरवून घेतो, आणि खालच्या निशाण्या सोडून देतो.

घराच्या वैभवाकडे पाहायचे की ते पोसणाऱ्या श्रमाकडे, हा पेच आपल्यापुरताच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांवरची मोठाली पांढऱ्या खांबांची घरे दीर्घकाळ पर्यटकांना दाखवली गेली ती झुंबरे, गालिचे आणि मेजवान्या यांच्या वर्णनांसह. लुइझियाना राज्यातले नॉटोवे हे त्यांतले सर्वांत भव्य घर. जॉन हॅम्पडन रँडॉल्फ या ऊसमळेवाल्याने ते १८५९ साली पुरे केले. त्याच्याकडे दीडशेहून अधिक गुलाम माणसे होती. पुढे तिथे लग्नसमारंभ होऊ लागले. मे २०२५ मध्ये ते आगीत जळून खाक झाले, तेव्हा काहींनी वास्तुकलेचा ठेवा गेला म्हणून हळहळ व्यक्त केली, तर गुलामांच्या वंशजांपैकी अनेकांना त्यात दुःख करण्यासारखे काही वाटले नाही. त्याच राज्यात व्हिटनी नावाचा दुसरा मळा २०१४ पासून संग्रहालय म्हणून खुला आहे. तिथे कथा सांगितली जाते ती गुलामांची. मालकाचे घर तिचा एक भाग म्हणून येते.

तुलना बेतानेच केली पाहिजे. तिथे माणूस ही विकत घेतलेली मालमत्ता होती. आपल्याकडे त्याला जातीने आणि कर्जाने बांधलेले होते. तिथला मळेवाला बाजारासाठी पिकवणारा व्यापारी होता. आपला देशमुख सरकार आणि रयत यांच्यामधला हक्कदार. आणखी एक फरक मला विलक्षण वाटतो. तिथे मालमत्तेच्या याद्यांत गुलामांची नावे, वये आणि किमती लिहिलेल्या असतात. त्या क्रूर याद्यांमुळेच आज वंशजांना आपले पूर्वज शोधता येतात, व्हिटनीच्या भिंतींवर त्यांची नावे कोरता आली. आपल्याकडे माणसाची किंमत लिहिली गेली नाही, आणि बहुधा त्याचे नावही. म्हणून आपल्या शोधाची साधने वेगळी असणार: महजरांवरच्या निशाण्या, वतनाच्या नोंदी, जात्यावरच्या ओव्या, आणि स्वतः माती.

गढी मोडली कशी? 'काळाच्या ओघात' हे उत्तर आळसाचे आहे. तिच्या पडझडीला तारखा आहेत.

पहिली १८१८-१९ ची. पेशवाई बुडाल्यावर निजामाच्या मुलखात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज फिरू लागली. १८१८ साली बीड भागात धर्माजी प्रतापराव याने बंड केले. सदरलँड नावाच्या लेफ्टनंटच्या नेतृत्वाखालील घोडदळाने त्याला भावासह पकडले. जानेवारी १८१९ मध्ये नांदेडकडच्या नाव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईकाने हटकरांसह लढा दिला. मेजर पिटमनच्या तोफखान्याने ती गढी फोडली आणि आतले बहुतेक शिपाई मारले गेले. मातीचे बुरूज लूटमारीच्या टोळ्यांना अडवू शकत होते; वेढा घालून बसलेल्या तोफखान्यापुढे त्यांचा टिकाव लागला नाही. त्यानंतर बुरूज शोभेचे झाले.

दुसरा घाव कागदाचा. १८५३ साली सालारजंग दिवाण झाले. त्यांनी वसुलीचे मक्ते मोडत आणले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि पगारी तालुकदार-तहसीलदार नेमले. देशमुख-देशपांड्यांकडून वसुलीचे काम गेले. त्याऐवजी रुसूम ही रोख नेमणूक मिळू लागली. काम गेले आणि मान राहिला. मग या घराण्यांनी सारे लक्ष जमिनीवर आणि सावकारीवर वळवले. आज आपल्या स्मरणात असलेला मोठ्या जमिनीचा धनी देशमुख बव्हंशी या काळात घडला आहे.

तिसरा घाव स्वातंत्र्याचा. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, १९५४ च्या कायद्याने इनामे आणि रोख नेमणुका रद्द झाल्या. १९६१ मध्ये महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा झाला. पळवाटा होत्या, जमिनी नातलगांच्या नावांवर चढल्या, कित्येक कुळांनी राजीखुशीने ताबा सोडल्याचे कागद झाले. तरी तटाच्या आतले एकत्र कुटुंब विस्कटले. मुले शिकून औरंगाबादला, पुण्याला गेली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि पुढे सहकारी साखर कारखाने आले. सत्तेला आता उंचवट्यावरच्या घराची गरज उरली नाही.

शेवटचा घाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांच्या ओझ्याखाली गाडली गेली. लातूर-उस्मानाबादेत (आता धाराशिव) झालेल्या या संहाराने साऱ्या मराठवाड्याचा जुन्या घरांवरचा विश्वास उडाला. ज्यांना शक्य होते त्यांनी सिमेंटचे छत घातले, इतरांनी पत्रे.

या साऱ्या काळात आणखी एक गोष्ट शांतपणे चालली होती. माळवदावर दर पावसाळ्याआधी नवी माती टाकावी लागते, आणि तिला पांढरीसारखी माती नाही. ओस पडलेल्या गढीची भिंत गावाला जवळची. माणसे टोपल्याने ती नेऊ लागली. कोणी छतावर पसरली, कोणी भिंतीला लिंपली, कोणी खत म्हणून शेतात टाकली. जोत्याचे चिरे विहिरीला आणि पायऱ्यांना गेले, तुळया विकल्या गेल्या. हंड्यांच्या शोधात रात्री-अपरात्री खणणाऱ्यांनी उरलेले खिळखिळे केले. या हंड्यांच्या गोष्टींतही मला गावाचा एक जुना हिशेब ऐकू येतो: आमचे काहीतरी आत गेले होते, आणि ते अजून बाहेर आलेले नाही. सोने क्वचितच सापडले असेल. माती मात्र परत गेली. ज्यांच्या आज्यांनी ती डोक्यावरून वर नेली, त्यांच्याच नातवंडांच्या छपरावर ती येऊन पडली.

म्हणून हिशेब मिटला का? तसे म्हणता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, हंगामभर तोडून ती फेडायची, नाही फिटली तर पुढच्या हंगामाला बांधून घ्यायचे. वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आहे. तरी सालगड्याची उचल आणि कोयत्याची उचल एकाच शब्दाने ओळखली जाते, हे भाषेने जपलेले सत्य आहे. गढीत निदान धनी कोण ते डोळ्यांना दिसत होते. आज मुकादम, वाहतूकदार, कारखाना यांच्या साखळीत त्याचा ठाव लागत नाही.

अलीकडे गढ्या जपण्याविषयी आस्था वाढते आहे. तरुण मुले छायाचित्रे काढतात, झुडपे तोडतात, शासनाकडे अर्ज करतात. याचे स्वागतच केले पाहिजे. गढी पाडून टाकल्याने अन्याय पुसला जात नाही, उलट त्याचा पुरावा जातो. पण डागडुजी झाल्यावर दारात जी पाटी लागेल, तिच्यावर काय लिहायचे हे आताच ठरवावे लागेल. घराण्याचे नाव आणि सनदेचे साल लिहावेच. त्याखाली ज्या बलुतेदारांच्या निशाण्या महजरावर आहेत त्या काढाव्यात, गावातल्या पेवांची जागा दाखवावी, १८९१ आणि १९०१ चे आकडे द्यावेत. भिंतीचा एक हातभर भाग न लिंपता तसाच उघडा ठेवावा, म्हणजे आतली खापरे दिसतील.

आणि त्याआधी एक काम तातडीचे आहे. गढीवर राबायला गेलेल्या पिढीतली काही माणसे अजून हयात आहेत. वंशावळ पुढच्या वर्षीही मिळेल, ती लिहून ठेवलेली आहे. या माणसांना जे ठाऊक आहे ते कुठेही लिहिलेले नाही.